चहाच्या टेबलावरचे विज्ञान

विज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते, नाहीतर व्यासपीठावरून बोलणारा विद्वान. श्रोत्यांनी ऐकायचे, शेवटी आभारप्रदर्शन व्हायचे आणि सर्वांनी घरी जायचे, अशी आपली रीत. परंतु विज्ञानाच्या इतिहासात दुसरीही एक वाट आहे. ती कॉफीगृहातून, मद्यगृहातून आणि चहाच्या टेबलावरून जाते. मुख्याध्यापकाने मद्यगृहाचे नाव घ्यावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण इतिहास सोवळे पाळत नाही.

लंडनमधले पहिले कॉफीगृह 1652 साली निघाले. एक पेनी मोजून आत जायचे, कॉफी प्यायची आणि शेजारी व्यापारी असो, खलाशी असो की रॉयल सोसायटीचा सभासद, त्याच्याशी बोलायचे. म्हणून या जागांना ‘पेनी विद्यापीठ’ असे नाव पडले. शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या रोजनिशीत प्रयोगांच्या बरोबरीने कॉफीगृहांचे उल्लेख वारंवार येतात. 1698 पासून जॉन हॅरिस याने मरीन कॉफीगृहात गणिताची मोफत व्याख्याने दिली. लोक एकत्र बसून बोलतात याची राजा दुसरा चार्ल्स याला धास्ती वाटली. डिसेंबर 1675 मध्ये त्याने कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला आणि ओरड होताच पंधरवड्याच्या आत मागे घेतला. स्त्रियांना मात्र तेथे गिऱ्हाईक म्हणून स्थान नव्हते, हे उणे सांगितलेच पाहिजे.

आपल्याकडे ज्ञानप्रसाराची परंपरा लहान नाही. 1848 साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्र सभा स्थापन झाली. तिच्या मराठी शाखेतून 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. 1966 पासून मराठी विज्ञान परिषद हे कार्य निष्ठेने करीत आहे. या सर्वांचे ऋण मोठे. तरीही आपला मुख्य साचा व्याख्यानाचाच राहिला. गाडगेबाबांच्या कीर्तनाची गोष्ट निराळी. ते समोरच्या माणसालाच प्रश्न विचारीत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. त्यांचा विषय विज्ञान नव्हता. पण ऐकणाऱ्याला बोलते करण्याची विद्या त्यांना साधली होती.

युरोपात हा धागा अलीकडे पुन्हा हाती घेतला गेला. मार्क सोते याने 1992 साली पॅरिसच्या एका कॅफेत तत्त्वज्ञानाच्या खुल्या चर्चा सुरू केल्या. त्यावरून 1998 साली दूरचित्रवाणी निर्माते डंकन डॅलस यांनी इंग्लंडच्या लीड्स शहरात ‘कॅफे सायंटिफिक’ काढले. शास्त्रज्ञाने वीसेक मिनिटे बोलायचे, मग पेले भरून घेण्यापुरती सुट्टी आणि त्यानंतर तासभर प्रश्न. म्हणजे बोलण्यापेक्षा विचारण्याला तिप्पट वेळ! पुढे इंपीरियल कॉलेजचे संशोधक मायकेल मोटस्किन आणि प्रवीण पॉल यांनी कंपवातासारख्या आजारांच्या रुग्णांना आपली प्रयोगशाळा दाखविली. लोक आपल्याकडे येतात, तर आपणच लोकांकडे का जाऊ नये, असे त्यांच्या मनात आले. त्यातून मे 2013 मध्ये तीन शहरांतल्या मद्यगृहांत ‘पाइंट ऑफ सायन्स’ सुरू झाले.

आपल्या मुंबईने त्याआधीच पेल्याच्या जागी कप ठेवला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 2009 साली जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये ‘चाय अँड व्हाय?’ हा उपक्रम सुरू केला. रविवारची सकाळ, हातात चहा, समोर शास्त्रज्ञ आणि पोरासोरांनीही बेधडक प्रश्न विचारायचे. नावात एक शब्द आपला, दुसरा इंग्रजी. आपण सीमेवरची माणसे असेच तर बोलतो.

आता आपल्या बोथकडे वळतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत या तालुक्याचे इस्लापूर सर्कल तिकडे गेले आणि बोथ इकडे राहिले. तेव्हापासून आपल्या मुलांचे शास्त्र एका भाषेत आणि घर दुसऱ्या भाषेत असे पुष्कळदा घडते. इतक्या वर्षांच्या अध्यापनात मी पाहिले आहे, की मुलाला उत्तर पाठ असते, पण प्रश्न विचारायला शब्द सापडत नाहीत. तोच मुलगा चहाच्या टपरीवर मराठी, तेलुगू, उर्दू मिसळून बापाच्या कापसाबद्दल नेमके विचारतो.

तो प्रश्नही साधा नसतो. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, मग गुलाबी बोंडअळी परत कशी आली? उत्तर उत्क्रांतीचे आहे. विष पचवून ज्या थोड्या अळ्या जगल्या, त्यांचीच संतती वाढली. शेताच्या कडेने साध्या कापसाच्या ओळी लावायला सांगितले होते, ते याचसाठी. तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर होऊन ही ताकद पसरायला वेळ लागावा, असा हेतू होता. डार्विन शिकवायला याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. बोंडअळी म्हणा की ‘पुरुगु’ म्हणा, ती पीक खाताना भाषा विचारीत नाही.

आदिलाबादेत कृषी संशोधन केंद्र आहे, नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तेथील एखाद्या संशोधकाला बाजाराच्या दिवशी बोथच्या हॉटेलात बोलवावे. हार नको, अध्यक्ष नको. बायाबापड्यांना मोकळेपणी बसता येईल अशी जागा असावी आणि दुभाष्याचे काम आपल्या दहावीच्या मुलामुलींनी करावे. दोन भाषा येणे ही आपली अडचण समजली जाते. त्या दिवशी तिचाच उपयोग होईल. चहाचा खर्च शिक्षकमंडळींनी उचलावा, माझा वाटा मी आधीच देऊन ठेवतो.