घरावर चढलेले कर्ज : प्रस्तावना

कर्ज थकले की घरावर येते, एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. ते कसे येते, हे पाहायला मात्र कायद्याचे पुस्तक बहुधा नोटीस हाती पडल्यावरच उघडले जाते, आणि तोवर निम्मी मुदत सरलेली असते. या विषयात नव्याने येणारा वाचक विधी महाविद्यालयातला विद्यार्थी असेल, पतसंस्थेचा संचालक असेल किंवा ज्याच्या दारावर कागद चिकटला आहे असा कर्जदार असेल. तिघांचेही स्वागत करताना पहिली गोष्ट सांगायची ती ही, की कर्ज घरापर्यंत एकाच वाटेने येत नाही. ते कोणत्या वाटेने आले हे कळल्याशिवाय उत्तर कुठे आणि किती दिवसांत द्यायचे, हे कळत नाही.

एक वाट आपण आपल्या सहीने उघडून दिलेली असते, ती गहाणाची. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे सहा प्रकार आहेत. शहरातली गृहकर्जे बहुतांशी मूळ दस्त बँकेकडे ठेवून होतात, आणि महाराष्ट्रात त्याची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. दुसरी वाट बिनतारण कर्जाची. हातउसने, क्रेडिट कार्ड, धंद्यातली उधारी यांत घराचा उल्लेखही नसतो. पण धनकोने दावा लावला, हुकूमनामा मिळवला आणि दरखास्त दाखल केली की जप्तीचा हुकूम घरापर्यंत येतो. तिसरी वाट खास आपल्या सहकाराची. पतसंस्था किंवा नागरी बँक 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते, आणि मग तिचा वसुली अधिकारीच जप्ती करतो. या वाटेवर जामीनदारही तितकाच सापडतो. ‘मी फक्त सही केली’ हे वाक्य या क्षेत्रात सर्वाधिक ऐकू येते आणि सर्वांत कमी उपयोगी पडते, कारण करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी, वेगळे ठरलेले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते.

चौथी वाट सर्वांत जुनी आहे. कागद खरेदीखताचा आणि व्यवहार कर्जाचा! ती समजून घ्यायला दीडशे वर्षे मागे जावे लागते. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात (तेव्हाचा भीमथडी तालुका, आजचा बारामती) शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली. दख्खनच्या त्या दंग्यांत जमावाचा खरा रोख होता कर्जरोखे आणि हुकूमनामे यांवर; ते हिसकावून जाळले गेले. या रागाला कारण होते. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली, ऋणकोचे रक्षण व्हावे म्हणून. सावकारांनी दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला, आणि कोर्ट समोरचा कागद तेवढा वाचत राहिले. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन पहिल्या व्यवहारापासून हिशेब तपासायला लावले, आणि स्पष्टपणे गहाण न दिलेल्या स्थावराला जप्तीतून वगळले.

माझ्या मते या साऱ्या क्षेत्राची बौद्धिक पायाभरणी इथे झाली. कागद काय म्हणतो यापेक्षा व्यवहार काय होता, हे विचारण्याचा हक्क 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही दिसतो. कलम 18 नुसार जिल्हा निबंधक सावकाराने तारण म्हणून बळकावलेल्या स्थावराची चौकशी करू शकतो, पंधरा वर्षांच्या आतला खरेदीखताचा दस्तही अवैध ठरवू शकतो आणि मालमत्ता परत देववू शकतो. गावोगाव हा उपाय पुरेसा माहीत नाही.

आजचा अभ्यासक सर्वांत जास्त वेळ घालवतो तो 2002 च्या सरफेसी कायद्यापाशी. या कायद्याने बँकेला दिवाणी कोर्टात न जाता तारण विकायची मुभा दिली. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, हे मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवले. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ‘ताबा सूचना’ आपण सगळे ओलांडून जातो. ती एकदा सावकाश वाचावी. तिच्यात मागणी नोटिशीची तारीख असते, साठ दिवसांत रक्कम न भरल्याचा उल्लेख असतो, घराच्या चतुःसीमा असतात आणि ‘सांकेतिक ताबा’ घेतल्याचे विधान असते. म्हणजे घरात माणसे अजून राहत असतात. ताबा घेतल्यापासून सात दिवसांत ही सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, पैकी एक स्थानिक भाषेतले, आणि दारावरही डकवावी लागते.

यातली प्रत्येक तारीख कर्जदारासाठी एकेक संधी असते. मागणी नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत सकारण उत्तर द्यायचे असते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. तिथे जाण्याआधी 75 टक्के रक्कम भरण्याची मूळ अट सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात रद्द केली. कर्ज फेडून घर सोडवण्याचा हक्क मात्र 2016 च्या दुरुस्तीने आखडला. पूर्वी विक्रीच्या दिवसापर्यंत असलेली ही सवलत आता जाहीर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच वापरावी लागते, आणि 2023 च्या बाफना मोटर्स निकालाने त्यावर शिक्का मारला. हा बदल मला अन्यायाचा वाटतो. लिलावाची जाहिरात पाहूनच नातलग पैसे जमवायला धावतात, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे.

दिवाणी जप्ती तुलनेने मवाळ. शेतकरी, मजूर आणि घरगडी यांचे राहते घर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार जप्त होत नाही. मात्र तेच घर त्याने स्वतः गहाण दिले असेल तर हे संरक्षण उरत नाही. विक्रीनंतरही साठ दिवसांत उद्घोषणेतली रक्कम आणि खरेदीदारासाठी पाच टक्के भरून लिलाव रद्द करून घेता येतो. इंग्लंडात 1979 च्या कायद्याखाली बिनतारण कर्जाचा धनकोही कोर्टाकडून घरावर बोजा बसवून घेऊ शकतो आणि घर विकले जाईपर्यंत थांबू शकतो. आपल्याकडे जप्तीने बोजा निर्माण होत नाही, फक्त विक्रीला मनाई होते. परीक्षेत विद्यार्थी इथे हमखास चुकतात.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी वाचकाने आपल्या घराचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि इंडेक्स टू काढून जवळ ठेवावे. इतर हक्कांत फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसत असेल तर बँकेचा ना-देय दाखला जोडून तलाठी किंवा भूमापन कार्यालयाकडून तो कमी करून घ्यावा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ दस्त तीस दिवसांत परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2023 पासून घातले आहे. बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई मिळते. ती मागायला संकोच करू नये.