एका चौकोनातली मुंबई

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

२६ जुलै २००५ ची गोष्ट अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या माणसांना नव्याने सांगायला नको. कोण किती तास पाण्यातून चालत घरी पोहोचले, कोणी रात्र बसमध्ये काढली, हे अजून घरोघरी सांगितले जाते. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. मला आज त्या दिवसाचे दोन आकडे तेवढे सांगायचे आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत ७३. शहर एक, दिवस एक, मध्ये अंतर पंचवीसेक किलोमीटरचे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण कुलाब्याचे शीत चेपून पाहिले असते तर आषाढातला रोजचा पाऊस म्हणून आपण विषय सोडून दिला असता.

आता जगाच्या हवामानाची संगणकावर जी मॉडेल्स चालतात, त्यांच्याकडे वळू. ही कल्पना १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेत आकाराला आली. तिच्या आद्य शिल्पकारांपैकी स्युकुरो मनाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पृथ्वीवर चौकोनांची जाळी पसरायची आणि प्रत्येक चौकोनात वारा, उष्णता, बाष्प यांचे हिशेब सोडवत पुढे जायचे, असे हे गणित आहे. चौकोन जितका लहान, तितका हिशेब वाढतो. म्हणून सुरुवातीच्या काळात एकेक चौकोन कित्येकशे किलोमीटरचा असे.

दोनशे किलोमीटर बाजूचा चौकोन मुंबईभोवती आखून पाहा. त्यात अलिबाग, बोरिवली, माथेरान, लोणावळा सगळे येते आणि जवळजवळ अर्धा अरबी समुद्रही येतो. थोडा पूर्वेला सरकवला तर पुणेही आत. या सगळ्याला मिळून पावसाचा आकडा मात्र एकच! सांताक्रूझला एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, तर पुण्याला वर्षभरात हजारही होत नाही. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे, पण एवढ्या चौकोनात तिची सरासरी काढली की भिंतीचा उतार होऊन बसतो. मग ढग कशाला अडतील? गंमत अशी, की कोकणात कमी आणि देशावर जास्त पाऊस पाडूनही मॉडेलची सरासरी बरोबर येऊ शकते. बेरीज जुळली म्हणून हिशेब बरोबर असतो असे नाही, हे कोणीही दुकानदार सांगेल.

मग मॉडेलची परीक्षा घ्यायची कशी? होऊन गेलेल्या वर्षांचा पाऊस त्याच्याकडून पुन्हा पाडून घ्यायचा आणि मोजलेल्या पावसाशी ताडून पाहायचा. १९९० च्या दशकात जगातल्या मॉडेल्सना १९७९ ते १९८८ या दहा वर्षांचा असा पेपर दिला गेला. त्यातल्या तीस उत्तरपत्रिका मोसमी पावसाच्या अंगाने तपासल्या पुण्यात जन्मलेल्या, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकारी एस. सजनी यांनी. तो निबंध १९९८ चा. कित्येक मॉडेल्समध्ये पावसाचा पट्टा उन्हाळा सरला तरी भारताच्या भूमीवर येतच नव्हता, विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर रेंगाळत होता. ज्यांना ही ऋतूची चाल साधली, त्यांना एका वर्षाचा पाऊस दुसऱ्यापेक्षा कमी की जास्त, हेही बरे साधले. गाडगीळबाई २०२५ मध्ये गेल्या. आपला पाऊस परक्या गणिताकडून तपासून घेताना आधी ते गणितच तपासावे, हा त्यांचा बाणा मला फार मोलाचा वाटतो.

हवामानाच्या मॉडेलने २६ जुलैची तारीख सांगावी, अशी अपेक्षा नाही. ते काम रोजच्या अंदाजाचे. मात्र असे दिवस किती वर्षांनी येतील आणि पुढे वाढतील का, हे त्याने सांगावे. कारण त्यावर गटारे बांधायची असतात. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची. ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्ये ती ५० वर न्यायला सांगितले. त्या मंगळवारी दुपारी सांताक्रूझला एका तासात शंभराच्या वर पाऊस झाला. अभियंत्याला तासाचा आणि वॉर्डाचा आकडा हवा, आणि मॉडेल देते शेकडो किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी.

चौकोन लहान होत गेले, यात शंका नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ब्रिटिश बनावटीचे ५० किलोमीटरचे प्रादेशिक मॉडेल भारतावर चालवले, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. सह्याद्रीचा पाऊस त्यात पुष्कळ जागेवर आला, पण कुलाबा आणि सांताक्रूझ अजून एकाच चौकोनात! याच संस्थेचे स्वतःचे मॉडेल पुढे जागतिक हवामान अहवालाच्या कामात सामील झाले. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टिम आली, तेव्हा कुठे दोन्ही वेधशाळांना वेगवेगळी घरे मिळाली. पण ती रोजच्या अंदाजासाठी. शंभर वर्षे पुढचे पाहणाऱ्या मॉडेल्सना एवढी बारीक जाळी अजून परवडत नाही.

आणि समजा परवडली, तरी ताडून पाहणार कशाशी? कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. विजेची ट्राम येणार म्हणून तिथली चुंबकीय उपकरणे १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली, पर्जन्यमापक मात्र तिथेच राहिला. उपनगरांसाठी दीर्घकाळ भिस्त होती ती सांताक्रूझवर. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. अलीकडे कोसळतो तेव्हा पलीकडे कपडे वाळत असतात, हे तिथल्या गृहिणींना ठाऊक, नोंदवहीला नाही. २६ जुलैच्या धड्यानंतर, २००६ पासून, महापालिकेने वॉर्डावॉर्डांत, अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. २०२२ मध्ये अंधेरीच्या वेरावली टेकडीवर डॉप्लर रडार आले. हवामानशास्त्रात एखाद्या ठिकाणची सरासरी धरायला तीस वर्षांची नोंद लागते. सर्वांत आधी बसलेल्या गच्चीवरच्या मापकांची तीस वर्षे भरतील ती २०३६ मध्ये, तीही मधल्या काळात एखादा मापक बंद पडून राहिला नाही तर.