बॉनेटखालचा शेजारधर्म

आज गाडी सुरू झाली नाही तर आपण सर्व्हिस सेंटरला फोन लावतो. चाळीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याला हाक मारत होतो. हा इतिहास फार जुना नाही, पण तो सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. म्हणून हा आढावा.

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर होती. परदेशी गाड्यांची आयात जवळपास बंद आणि कारखान्याला उत्पादन वाढवायचे तर सरकारी परवाना हवा. त्यामुळे गाडी नोंदवली की काही वर्षे वाट पाहायची आणि एकदा मिळाली की जन्मभर सांभाळायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तोवर मध्यमवर्गाला दुसरा पर्याय फारसा नव्हता.

या टंचाईनेच मालकांना शिकवले. सुदैवाने इंजिनही समजण्यासारखे होते. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर हवी. फीलर गेज नसेल तर जाड व्हिजिटिंग कार्ड सरकवून अंदाज घेत. काजळी धरलेला प्लग पॉलिश पेपरने घासत. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर सोड्याच्या पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावत.

आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात तर एक उपाय घरोघरी माहीत होता. पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला असे. तो तापला की आत पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला ती ओढता येत नसे आणि गाडी रस्त्यात थांबे. पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबले की गाडी चालू!

काही हौशी मंडळी सुधारणाही करत. हेडलाइटचा सगळा प्रवाह स्विचमधून जाई, म्हणून दिवे मंद पडत. मध्ये रिले आणि फ्यूज बसवून बॅटरीवरून थेट जाड वायर दिली की उजेड वाढे आणि स्विचही जळत नसे. एकाने केले की गल्लीतले चौघे पाहायला येत आणि रविवारी स्वतःच्या गाडीला तेच करत. या ज्ञानाचे पैसे कोणी घेत नसे. आमच्या पिढीकडे तेव्हा टॉर्च धरण्याचे काम होते. टॉर्च हलली की ओरडा बसे, पण पाहता पाहता बरेच शिकायला मिळे.

बडोदेकरांना याचे नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन सुरू केले, ते हाताच्या कामालाही विद्येचा मान मिळावा म्हणूनच. आम्हा डिप्लोमावाल्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटते.

पुढे कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले, इंजिनचा कारभार कॉम्प्युटरकडे गेला. हवेच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. जुन्या गाड्यांचा धूर आम्ही विसरलेलो नाही. २०१४ मध्ये अँबेसेडर बंद झाली, २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येणार नाहीत, असे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले. ते योग्यच; फ्यूजशिवाय ओढलेली एक वायर गाडी पेटवू शकते.

तरीही एअर फिल्टर, वायपर, बल्ब, टर्मिनल ही कामे आजही घरी होतात. स्कॅनर जोडला तर गाडी स्वतःच्या दुखण्याचा कोडही सांगते. हत्यारे बदलली, पण एकमेकांना विचारण्याची सवय मात्र सुटत चालली आहे. टंचाई संपली याचे दुःख नाही. तिच्याबरोबर शेजारधर्मही संपू नये, एवढेच वाटते.

आपल्या मंडळात फियाट आणि अँबेसेडर चालवलेले ज्येष्ठ अजून आहेत. त्यांच्या युक्त्या तरुणांनी लिहून घ्याव्यात आणि वर्षातून एका रविवारी सर्वांनी बॉनेट उघडून एकत्र बसावे. गणराय विद्येचे दैवत आहे. पान्याची विद्याही त्याचीच.

गणपती बाप्पा मोरया!