डाग जातो कुठे?

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत नेपथ्याचे फळे रंगवले जातात आणि हमखास कोणाच्या तरी गणवेशावर ऑइलपेंट सांडतो. साबण हरतो. मग कोणीतरी टर्पेंटाइनची नाहीतर रॉकेलची बाटली आणतो आणि डाग फिका होतो. पाण्याला जे जमले नाही ते टर्पेंटाइनला कसे जमले?

ऑइलपेंटमधले रंगद्रव्याचे कण तेलात खललेले असतात. परंपरेने हे तेल जवसाचे. तेल पाण्यात मिसळत नाही, टर्पेंटाइनमध्ये मात्र सहज मिसळते. पण वेळ गाठली पाहिजे. जवसाचे तेल ‘वाळते’ तेव्हा त्यातून पाणी उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते. हे जाळे टर्पेंटाइनने फुगेल, विरघळणार मात्र नाही.

पाण्याशिवाय कपडे साफ करण्याच्या कलेचे श्रेय बहुधा पॅरिसच्या जोली यांना दिले जाते. त्यांच्या घरी टेबलावरच्या कापडावर दिव्यातले रॉकेल सांडले आणि तेवढाच भाग स्वच्छ झाला, अशी १८२५ च्या सुमाराची गोष्ट सांगतात. पण तेव्हा दिव्यांत रॉकेल नव्हतेच. ते शतकाच्या मध्याला आले. गोष्ट खरी असलीच, तर ते टर्पेंटाइन असावे. त्याआधी, १८२१ मध्ये, न्यूयॉर्कचे कृष्णवर्णीय शिंपी थॉमस जेनिंग्ज यांनी कपडे साफ करण्याच्या ‘कोरड्या’ पद्धतीचे पेटंट मिळवले होते. गुलामगिरी चालू असलेल्या देशात कृष्णवर्णीयाला मिळालेले ते पहिले ज्ञात पेटंट. मात्र १८३६ मध्ये पेटंट कार्यालयाला आग लागली आणि त्यांची कृती कागदासह जळाली.

आग या इतिहासाची पाठ सोडत नाही. १८४० च्या दशकात लंडनमध्ये चार्ल्स मॅन्सफिल्ड या तरुण रसायनशास्त्रज्ञाने कोळशाच्या डांबरातून बेंझिन वेगळे करण्याची रीत बसवली. तेलकट डाग काढण्यात बेंझिन तरबेज होते. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी ते तयार करताना ऊर्ध्वपातनाचे पात्र उतू जाऊन पेटले. पेटते पात्र बाहेर काढताना मॅन्सफिल्ड भाजले आणि पस्तिसाव्या वर्षी मरण पावले. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे कळायला आणखी बराच काळ जावा लागला.

धुलाईवाल्यांना आता न पेटणारा द्रव हवा होता. १९२० च्या दशकात अमेरिकेत स्टॉडर्ड यांच्या नावाचे, सहज न पेटणारे खनिज विद्रावक आले. कार्बन टेट्राक्लोराइड तर पेटतच नव्हते, पण ते कामगारांच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला घातक ठरले. त्याची जागा परक्लोरोइथिलीनने घेतली. हा द्रव फॅरडे यांनी प्रथम बनवला तो १८२१ मध्येच, म्हणजे जेनिंग्ज यांच्या पेटंटच्या वर्षी. आज तो माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांत गणला जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये, कपडे धुण्यातला त्याचा वापर दहा वर्षांत थांबवण्याचा नियम जाहीर केला.

दरवेळी कपडा स्वच्छ झाला आणि किंमत मोजली ती धुणाऱ्याने. डाग नाहीसा होत नाही. तो जागा बदलतो. कापडावरून बोळ्यात, द्रवात, हवेत आणि श्वासात.

हे वर्गात दाखवता येईल. कापडाच्या दोन तुकड्यांवर ऑइलपेंट लावावा. एक ताजा असतानाच टर्पेंटाइनने पुसावा, दुसरा आठवड्याने. फरक मुलांना लगेच दिसेल. मात्र खिडक्या उघड्या असाव्यात, जवळ ज्योत नसावी आणि बाटली शिक्षकांच्याच हाती असावी. पुसलेले बोळे चुरगळून टोपलीत टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. ती घडीत कोंडली तर बोळा आपोआप पेटू शकतो. तो पाण्यात बुडवून ठेवावा. आणि मग मुलांना विचारावे : डाग गेला कुठे?