चिरंजीवांची कथा आणि आपला आशीर्वाद



लग्नपत्रिकेत आणि अशा स्मरणिकेतील नामावलीत आपण मुलांच्या नावांआधी 'चि.' लिहितो. लिहिताना हात थांबत नाही. परंतु या अक्षराने आपण नेमके काय इच्छितो, याचा विचार क्वचितच होतो. आपल्या परंपरेने सात चिरंजीव मानले : अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप व परशुराम. प्रातःस्मरणात आठव्या मार्कंडेयाचेही नाव घेतात. या मालिकेत अग्रस्थानी अश्वत्थामा आहे, हे पाहून कोणीही थबकावे.

कारण त्याचे चिरंजीवित्व हा वर नव्हे. रात्री पांडवांच्या शिबिरात शिरून त्याने द्रौपदीच्या पाच पुत्रांचा वध केला आणि पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. श्रीकृष्णांनी तो गर्भ जिवंत केला व अश्वत्थाम्यास तीन सहस्र वर्षे एकाकी, व्याधिग्रस्त भटकण्याचा शाप दिला. लोकपरंपरेने त्या शापास अंतच ठेवला नाही. सातपुड्यातील अस्तंबा शिखरावर दिवाळीत आजही त्याची यात्रा भरते.

वाचलेला तो गर्भ म्हणजे परीक्षित. तोही पुढे तक्षक नागाच्या दंशाने मृत्यू पावला. येथे आम्हांस गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्याचे स्मरण होते. अरण्यातील नागाच्या देवळावरून व न आटणाऱ्या झऱ्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. १९७० साली तेथे अभयारण्य झाले आणि २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. नागांस अभय मिळाल्याची कथा तर भारतातच आहे. पित्याच्या सूडासाठी जनमेजयाने सर्पसत्र मांडले. तरुण आस्तीकाच्या विनंतीवरून ते थांबविले. त्याच सत्रात वैशंपायनांनी व्यासकृत भारत कथन केले. सूड आवरला गेला आणि कुळाची कथा पुढील पिढ्यांस मिळाली.

नागझिऱ्याच्या टेकड्यांचे पाणी अखेर वैनगंगेस मिळते. याच नदीच्या काठी, पुष्कळ खाली, गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे मार्कंडेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. अल्पायुषी गुणी पुत्र हवा की दीर्घायुषी गुणहीन, असे विचारले असता मृकंडु ऋषींनी गुणी पुत्र मागितला, अशी कथा आहे. सोळाव्या वर्षी यम आला तेव्हा मार्कंडेयाने शिवलिंगास मिठी मारली आणि शंकरांनी त्यास अभय दिले. गुण आधी मागितले. आयुष्य मागाहून लाभले.

भारतीय युद्ध ही अखेर भाऊबंदकीच होती. बांधाच्या व वाटणीच्या वैरापायी एकमेकांच्या उंबरठ्यावर न जाणारी घरे आपल्या ज्ञातीतही आहेत. ते वैर मुलांच्या हाती सोपवून आपण त्यांच्या नावाआधी 'चि.' लिहिले, तर तो आशीर्वाद अश्वत्थाम्याचा होईल. यंदा घरातील कार्याची पत्रिका लिहिताना पहिली पत्रिका अबोला धरलेल्या भावाच्या दारी न्यावी, एवढीच आमची सर्वांस नम्र विनंती आहे.