निवडणुकीचे अपराध आणि फिर्यादीचा अधिकार : नागपूरच्या संदर्भात

निवडणुकीत कोणी लाच दिली, मतदारावर दडपण आणले, किंवा एकाच्या नावाने दुसऱ्यानेच मत दिले, तर अपराध्यास न्यायालयापुढे उभे करण्याचा अधिकार कोणाचा? अपराध ज्या गावी घडला तेथील अधिकाऱ्याचा व नागरिकाचा, की वरिष्ठ सरकारचा? दीर्घकाळ प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरच्या संदर्भात ह्या प्रश्नाचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार झालेल्या कायदेमंडळांच्या निवडणुकांपूर्वी, १९२० च्या ३९ व्या कायद्याने भारतीय दंड संहितेत ९-अ हे प्रकरण घालण्यात आले. लाच, गैरवाजवी दडपण, तोतयेगिरी, खोटे निवेदन व बेकायदा खर्च हे त्याचे विषय. 'निवडणूक' ह्या शब्दाच्या व्याख्येत नगरपालिकेच्या निवडणुकीचाही समावेश होता. सबब नागपूरच्या एखाद्या वॉर्डातील अपराधही ह्याच प्रकरणाखाली येई. मात्र त्याच कायद्याने १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील १९६ वे कलमही बदलले. ह्या अपराधांची दखल सरकारच्या आदेशाने किंवा सरकारी अधिकारपत्राने दाखल झालेल्या फिर्यादीवाचून न्यायालयास घेता येत नसे. अपवाद एकट्या तोतयेगिरीचा. राजद्रोहासारख्या राज्याविरुद्धच्या अपराधांना जे कुंपण होते, तेच मत विकत घेण्याच्या अपराधाभोवती घातले गेले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

येथे परिभाषेची एक गंमत नोंदविली पाहिजे. संहितेत ह्या मंजुरीच्या संदर्भात 'लोकल गव्हर्नमेंट' असा शब्द होता. त्याचा अर्थ नगरपालिका वा जिल्हा मंडळ नव्हे, तर प्रांतिक सरकार, म्हणजे नागपूरचे सचिवालय. शब्द स्थानिक, अधिकार मात्र प्रांतिक, अशी ही स्थिती होती. द्विदल राज्यपद्धतीत पोलीस व न्याय ही खाती राखीव असल्यामुळे, निवडून आलेल्या मंत्र्यांच्या हाती ही किल्ली नव्हती. मंजुरी देणारे सरकार लोकांना जबाबदार नव्हते. पण ते स्वतः निवडणुकीतील उमेदवारही नव्हते.

१९३७ मध्ये हे चित्र पालटले. प्रांतिक स्वायत्तता आली, नागपुरात डॉ. ना. भा. खरे ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि पोलीस खाते मंत्र्यांकडे गेले. आता निवडणूक जिंकलेल्या पक्षाचेच सरकार त्या निवडणुकीतील लाचेच्या फिर्यादीस मंजुरी देणार वा नाकारणार होते. कलमातील 'लोकल गव्हर्नमेंट'च्या जागी प्रथम 'प्रांतिक सरकार' व १९५० नंतर 'राज्य सरकार' असे शब्द आले; व्यवस्था तीच राहिली. ह्या प्रश्नाचे खरे मर्म आमच्या मते येथे आहे. परकीय सत्तेने निर्मिलेले कुंपण लोकनियुक्त सत्तेला वारशाने मिळाले, आणि त्याचा अर्थ आपोआप बदलला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाला. नागपूरचे राजधानीपद संपले व राज्य सरकारचे आसन सुमारे ८०० किलोमीटर दूर मुंबईस गेले. नागपूरकराच्या दृष्टीने मंजुरीचा दरवाजा नव्या अर्थाने दूरचा झाला. मंजुरीचे महत्त्व कमी लेखता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ८ व्या कलमानुसार लाच, गैरवाजवी दडपण वा तोतयेगिरी ह्यांबद्दल दोषी ठरलेली व्यक्ती सहा वर्षे अपात्र होते. पण खटलाच उभा राहिला नाही, तर अपात्रता कोठून येणार?

१९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आली. तिच्या १९६ व्या कलमातून निवडणूक-अपराधांचे प्रकरण वगळण्यात आले. नागरिकास दंडाधिकाऱ्याकडे थेट फिर्याद नेता येऊ लागली. ह्या मोकळिकीचा व्याप नागपूरच्याच एका प्रकरणात दिसतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील प्रतिज्ञापत्रावरून देवेंद्र फडणवीस ह्यांच्याविरुद्ध येथील एका वकिलाने लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली खाजगी फिर्याद केली. दंडाधिकारी, सत्र न्यायालय व उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असा प्रवास करून ती सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०१९ रोजी, फडणवीस मुख्यमंत्री असताना, त्या न्यायालयाने फिर्याद पुढे चालविण्यास अनुकूल निर्णय दिला. २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. निकाल काहीही असो, एका खाजगी फिर्यादीवर अधिकारस्थ मुख्यमंत्र्याची न्यायालयीन तपासणी होऊ शकली, हा मुद्दा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

अर्थात राज्याचा हात पूर्णपणे निघाला असे मानणे चुकीचे होईल. तपास करणारे पोलीस राज्याचे, आणि न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेऊ शकणारा सरकारी अभियोक्ताही राज्याचाच. १९९४ मध्ये महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. स्थानिक संस्थांच्या निवडणुका तो घेतो, परंतु त्याच्यापाशी स्वतःची अभियोग यंत्रणा नाही. १ जुलै २०२४ पासून हे अपराध भारतीय न्याय संहितेच्या १६९ ते १७७ ह्या कलमांत आले. कलमांचे क्रमांक बदलले, प्रश्न मात्र १९३७ चाच आहे : निवडणुकीत ज्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत, त्याच्याच हाती त्या निवडणुकीतील अपराधांची फिर्याद किती ठेवावी?