नेवाडा : ७८ दिवसांची टाळेबंदी आणि विक्रमी वर्ष

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या कॅसिनोंनी २०२१ या वर्षात सुमारे १३.४ अब्ज डॉलरचा महसूल मिळविला. राज्याच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाने नोंदविलेला हा आकडा तोवरचा उच्चांक होता. आधीचा विक्रम २००७चा, १२.८ अब्ज डॉलरचा. ज्या राज्यात एप्रिल २०२०मध्ये सगळ्या कॅसिनोंची मिळून कमाई अवघी ३६ लाख डॉलर, म्हणजे आदल्या वर्षीच्या तुलनेत ९९.६ टक्क्यांनी कमी झाली होती, तेथे हे घडले.

महसूल म्हणजे येथे नफा नव्हे. खेळणाऱ्यांनी लावलेल्या रकमेतून त्यांनी जिंकलेली रक्कम वजा जाता कॅसिनोकडे जे उरते, ते हे उत्पन्न. थोडक्यात, खेळणाऱ्यांनी गमावलेला पैसा. त्यातून कामगारांचे पगार व इतर खर्च भागवायचे असतात.

नेवाडाने जुगाराला १९३१मध्ये कायदेशीर मान्यता दिली. त्यावरील नियंत्रणाची व्यवस्था द्विस्तरीय आहे. १९५५मध्ये स्थापन झालेले तीन सदस्यांचे बोर्ड चौकशी, हिशेबतपासणी, यंत्रांची तपासणी व करवसुली पाहते. १९५९मध्ये अस्तित्वात आलेले पाच सदस्यांचे गेमिंग कमिशन परवान्यांबाबत अंतिम निर्णय घेते. राज्यात वैयक्तिक प्राप्तिकर नाही. त्यामुळे मोठ्या कॅसिनोंच्या महसुलावरील ६.७५ टक्के कर हा तिजोरीचा महत्त्वाचा आधार ठरतो.

मार्च २०२०मध्ये गव्हर्नर स्टीव्ह सिसोलॅक यांच्या आदेशाने कॅसिनो बंद झाले आणि ४ जूनपर्यंत, तब्बल ७८ दिवस बंदच राहिले. राज्यातील बेरोजगारी एप्रिलमध्ये ३० टक्क्यांच्या घरात गेली. पुन्हा सुरुवात करताना बोर्डाने किमान सात दिवस आधी आराखडा सादर करण्याचे बंधन घातले. ब्लॅकजॅकच्या टेबलावर तीन, रूलेटवर चार आणि क्रॅप्सवर सहा खेळाडू, अशी मर्यादा ठरली. एरवी पत्ते, फासे व हिशेबाच्या वह्या तपासणारे निरीक्षक आता मास्क आणि खुर्च्यांमधील अंतर तपासू लागले! नोव्हेंबर २०२०मध्ये ग्राहकसंख्येची मर्यादा ५० टक्क्यांवरून पुन्हा २५ टक्क्यांवर आणण्यात आली. ती पूर्णपणे उठली १ जून २०२१ रोजी. वर्षअखेर २०२०चा महसूल ७.९ अब्ज डॉलरवर, म्हणजे २०१९च्या १२ अब्जांवरून जवळपास ३५ टक्क्यांनी खाली आला होता.

सावरण्याचा वेग मात्र सर्वांनाच चकित करणारा ठरला. मार्च २०२१पासून वर्षअखेरपर्यंत सलग दहा महिने मासिक महसूल एक अब्ज डॉलरच्या वर राहिला. विशेष म्हणजे लास व्हेगासला येणाऱ्यांची संख्या तेव्हाही पूर्ववत झाली नव्हती. २०१९मध्ये ४ कोटी २५ लाख पर्यटक आले होते, २०२१मध्ये सुमारे ३ कोटी २२ लाख. पर्यटक एक चतुर्थांशाने घटले असताना महसूल मात्र ११ टक्क्यांहून अधिक वाढला. संघीय सरकारने थेट नागरिकांच्या खात्यात जमा केलेली मदत, टाळेबंदीत साठलेली बचत आणि मनोरंजनाच्या इतर साधनांवरील निर्बंध ही त्याची प्रमुख कारणे सांगितली जातात.

हा उच्चांक बोर्डाच्या कामगिरीचे प्रगतिपुस्तक मानणे योग्य ठरणार नाही. नियामकाचे काम पैसा वाढविणे नसून खेळ सचोटीने चालविला जातो की नाही, हे पाहणे आहे. शिवाय विक्रमी महसुलाच्या वर्षातही सर्व कामगार कामावर परतले नव्हते. साथीच्या काळात कमी केलेल्या कामगारांना पूर्वीच्या नोकऱ्या प्राधान्याने देण्यासाठी राज्याला जून २०२१मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

आपल्याकडे गोव्यातील कॅसिनोही याच काळात दोनदा बंद होऊन पुन्हा उघडले. महाराष्ट्राने १९७६मध्ये केलेला कॅसिनोविषयक कायदा तर कधी अमलातच आला नाही. तो २०२३मध्ये रद्द करण्यात आला.

नेवाडाचा महसूल पुढेही चढता राहिला. २०२२मध्ये तो १४.८ अब्ज, तर २०२४मध्ये १५.६ अब्ज डॉलरवर पोहोचला. लास व्हेगासच्या पर्यटकांची संख्या त्या वर्षीही २०१९च्या आकड्याला गाठू शकली नाही.